नॉर्मन दगडावरचे टाकीचे घाव

सुरुवातीलाच माफी मागतो. मी लेखक नाही. आमच्या घरात कॉलेजची पायरी चढलेला मी पहिलाच, आणि आजवर जे काही लिहिलं ते मार्कांसाठी लिहिलं. ज्या माणसाला सहीपुरतीच अक्षरं यायची त्याच्याबद्दल मी चार पानं लिहावीत, हे त्याला आवडलं असतं की नाही, हेही मला नक्की सांगता येत नाही. हे लिखाण दोनदा बाजूला ठेवलं. आता लिहितोच आहे, तर चुकेल तिथे सांभाळून घ्या.

माझे वडील, त्यांना आम्ही दादा म्हणतो, पाथरवट होते. सोलापूरकडच्या गावांत पाटे-वरवंटे, जाती, उखळं घडवायचे. मिक्सर आल्यावर देवळांच्या पायऱ्या आणि उंबऱ्यांचे दगड करायला लागले. आई समोर बसून दगड धरायची, दादा टाकी-हातोडा चालवायचे. मला मात्र त्यांनी कधी टाकी हातात घेऊ दिली नाही. "तू पेन धर," एवढंच म्हणायचे.

पेन धरून मी गेलो तो थेट आयर्लंडला, शिष्यवृत्तीवर, मध्ययुगीन पुरातत्त्व शिकायला. माझा विषय नॉर्मन लोकांचा. आठशे-साडेआठशे वर्षांपूर्वी ते इंग्लंड-वेल्सकडून चिलखतं घालून, घोडे घेऊन इथल्या आग्नेय किनाऱ्यावर उतरले. त्याआधी व्हायकिंग आले होते, होड्यांतून नद्यांनी आत घुसून मठ लुटणारे. पुढे त्यांनीच बंदरांवर शहरं वसवली. नॉर्मनांनी शहरं जिंकली, किल्ले आणि चर्चं बांधली. कोणत्या सरदाराने कोणाला हरवलं, कोणाची मुलगी कोणाला दिली, हे सगळं लिहून ठेवलेलं आहे. बांधणाऱ्यांबद्दल जवळजवळ काहीच नाही. मी किलकेनी शहराजवळच्या एका पडक्या नॉर्मन चर्चचे दगड अभ्यासायला घेतले, कारण त्यांवर टाकीचे तिरपे घाव अजून स्पष्ट दिसतात. असे तिरपे घाव ही नॉर्मन कारागिरांची खूण मानतात.

पहिला फोटो दादांना पाठवला तो नुसता गंमत म्हणून. अर्ध्या तासात फोनवर त्यांचा रेकॉर्ड केलेला आवाज आला.

"आरं, एवढं शिकून, एवढं लांब जाऊन शेवटी दगडापाशीच गेलास व्हय!" मग खोकला. मग हसणं. मग गंभीर होऊन, "ह्यात दोन मानसं हायत. वरच्या दगडाचा डावखुरा हाय. रेघांचा कल बघ. आन खालचा घाईत हुता, त्याला संध्याकाळच्या आत उरकायचं हुतं."

मी चर्चमध्ये परत गेलो आणि सगळ्या दगडांवरच्या रेघांचे कोन मोजले. दोन गट पडले. माझ्या मार्गदर्शक प्राध्यापिका तो आलेख बराच वेळ बघत राहिल्या. "हे तुला कुणी सुचवलं?" मी सांगितलं. त्या म्हणाल्या, "मग तळटीपेत त्यांचं नाव घाल. व्यक्तिगत संवाद, आणि तारीख. प्रत्येक वेळी तारीख."

हे दादांना फोन करून सांगितलं. "माझं नाव? छापून?"

"हो. मी येऊन वाचून दाखवतो. मराठीत करून."

"कवा?"

प्रबंध द्यायला तेव्हा चार महिने होते. त्यांच्या छातीत दगडाची धूळ बसलेली होती. डॉक्टरांनी अक्काला, माझ्या बहिणीला, बाजूला घेऊन फार वेळ नाही असं सांगितलं होतं आणि अक्काने ते मला सांगितलं होतं. दादांनाही माहीत असावं. ते म्हणाले, "तवर हाय मी. तू नीट लिही."

मी लगेच निघून येतो असं म्हणालो होतो. सगळे म्हणाले, आधी पुरं कर. खरं सांगायचं तर ते ऐकून मला थोडं बरं वाटलं. त्या बरं वाटण्याचं काय करावं ते मला अजून कळत नाही.

मग तेच आमचं बोलणं झालं. मी दुपारी चर्चमध्ये दगडाशेजारी मोजपट्टी ठेवून फोटो काढायचा, ते गावाकडे संध्याकाळी अंगणात बसून उत्तर द्यायचे. तब्येत विचारली की म्हणायचे, "ते राहू दे, दुसरा फोटू धाड." इंग्लंडहून जहाजातून आणलेल्या फिकट, मऊ दगडावर ते नाराज होते. "ह्याला काय, बेसनाच्या वडीवानी कापायचा. कारागिराची परीक्षा त्या काळ्या दगडात." काळा म्हणजे किलकेनीचा स्थानिक चुनखडीचा दगड. तो त्यांना आपला वाटायचा.

मी ज्यांच्याकडे खोली घेऊन राहत होतो त्या आयरिश बाई सत्तरीच्या पुढच्या. त्यांना माझा विषय फार विनोदी वाटे. "तुझे ते नॉर्मन? आठशे वर्षं झाली, अजून आम्ही त्यांना नवे भाडेकरूच समजतो."

"आणि मी?"

"तू तर कालच आलास, पण तू भांडी घासतोस. तुझा तो किल्लेवाला नॉर्मन, त्याने कधी कप विसळला नसेल."

शेवटच्या महिन्यात दादांचे आवाज यायचे थांबले. अक्काचा मेसेज आला: आवाज पार बसलाय, बोललं की दम लागतो. तू फोटो पाठवत राहा, मी दाखवते, ते सांगतील ते लिहून कळवते. मी विचारलं, व्हिडिओ कॉल करू का? तिने कळवलं, त्यांना या अवस्थेत तुला तोंड दाखवायचं नाही, हट्ट करू नको. हे दादांच्या स्वभावाला धरून होतं. मी हट्ट केला नाही.

तिची उत्तरं येत राहिली. कधी दोन शब्दांची. एकदा मात्र मोठं आलं. चर्चच्या दक्षिण दरवाजाच्या फिकट दगडावर खालच्या घावांची ओळ अचानक एका बाजूला सरकली आहे, ती का, हे कुणालाच सांगता येत नव्हतं. मी फोटो पाठवला. उत्तरात लिहिलं होतं: "हा दगड एकट्याने घडवलेला नाही. समोरून कुणीतरी धरलेला होता. धरणारं माणूस वजनाने हलकं असणार आणि दमलेलं. घाव बसताना दगड मागे सरकला. टाकी चालवणाऱ्याची चूक नाही ती."

मी ते तसंच्या तसं इंग्रजीत केलं. प्राध्यापिकाबाईंनी समासात दोन उभ्या रेघा मारल्या आणि लिहिलं की सगळ्या प्रबंधात हे सर्वांत चांगलं आहे. तळटीप: दादांचं नाव, व्यक्तिगत संवाद, तारीख.

त्याच आठवड्यात माझ्या घरमालकीण बाईंनी मला एका घरी नेलं. सकाळी त्यांच्या स्थानिक रेडिओवर त्या दिवशी वारलेल्यांची नावं वाचतात, पार्थिव कुठे ठेवलंय, किती वाजता यायचं तेही सांगतात. त्या चहा पिता पिता ते रोज ऐकतात, आमच्याकडे बाजारभाव ऐकतात तसं. त्या दिवशी त्यांचा जुना सुतार गेला होता. "चल. तरुण माणूस सोबत असला की पायऱ्या सोप्या जातात." दिवाणखान्यात शवपेटी उघडी होती. अर्धं गाव रांगेत उभं होतं. मीही मृताच्या मुलाचा हात हातात घेतला आणि बाईंनी वाटेत पढवलेलं वाक्य म्हटलं, तुमच्या दुःखाबद्दल वाईट वाटतं. त्याने मला ओळखतही नसताना घट्ट धरून ठेवलं. नंतर स्वयंपाकघरात सँडविच खाल्ले. कुणीतरी मृताचा एक किस्सा सांगितला, सगळे हसले, मीही हसलो. परतताना मला वाटलं की किती बरं आहे हे, इथे कुणी काही लपवत नाही. घरी येऊन मी दादांसाठी आणखी दोन फोटो निवडले.

पुढच्या पंधरवड्यात प्रबंध दिला. शुक्रवार होता, दुपार. छापलेली एक जादा प्रत मी दादांसाठी करून घेतली होती, त्यांचं नाव असलेल्या पानांना कागदाच्या पट्ट्या लावल्या. विभागाच्या बाहेर बाकावर बसून अक्काला फोन लावला.

"अक्का, दिला! मंगळवारी निघतो. दादांच्या कानाला फोन लाव."

"दिलास? सही-शिक्का सगळं झालं?"

"झालं गं. दे त्यांना."

"म्हणजे आता त्यात काही बदल होत नाही ना? परत बोलवत नाहीत ना तुला?"

"नाही. अक्का, तू रडतेस का?"

फोन कुणाच्या तरी हातात गेला. आई फोनवर नेहमी ओरडून बोलते, मी लांब आहे म्हणून. त्या दिवशी हळू बोलली.

"बाळा, शेवटच्या फोटवांचं मी सांगितलंय. त्यांनी न्हाई. मला जेवढं कळतं तेवढं सांगितलं. चुकलं आसंल तर तुझ्या बाईस्नी सांग, आईचं चुकलं म्हणून."

"काही चुकलं नाही आई. पण का? दादांना दिसत नव्हतं का?"

"तुझं दादा गेलं, बाळा. तू त्यो दाराचा दगूड धाडलास ना, त्याच्या आदल्या दिशी, सकाळी. परीक्षा हुईपत्तोर पोराला कळवायचं न्हाई, आशी शपथ घातली हुती त्यांनी आमाला. तेरावं बी झालं. अग्नी अक्कानं दिला."