कॉपीतून आलेली मर्यादा

रत्नागिरीतल्या एका हॉस्पिटलमध्ये मी सिस्टिम सांभाळायला लागले तेव्हा सर्व्हरची खोली काकांच्या ताब्यात होती. हॉस्पिटलमधले सगळेच त्यांना काका म्हणायचे; मूळचे गुहागरचे. उमेदीची वर्षं जहाजावर रेडिओ ऑफिसर म्हणून काढलेली, मग किनाऱ्याला लागून कॉम्प्युटर शिकलेले. खोलीत मोठा सर्व्हर एकच, पण त्यावर बरीच व्हर्च्युअल मशीन्स चालायची: एक केसपेपरचं, एक औषधांच्या दुकानाचं, एक लॅबच्या रिपोर्टचं. प्रत्येकाला वाटायचं, आपण स्वतंत्र कॉम्प्युटर आहोत, आपली मेमरी आपल्यापाशीच आहे. खरी मेमरी मात्र त्या एका सर्व्हरचीच, आणि ती सगळ्यांना पुरवणं हे काकांचं काम.

मग लॅबचं मशीन अडायला लागलं. सकाळी रक्त देऊन बसलेली लांज्याकडची माणसं रिपोर्टसाठी ताटकळायची, त्यांची एस.टी. निघून जायची. काकांनी त्या मशीनची मेमरी वाढवली. फरक पडेना. आणखी वाढवली, तर ते जास्तच रेंगाळायला लागलं.

"आत बघितलं तर पुष्कळ मेमरी मोकळी दिसतेय, काका," मी म्हणाले.

"तेच तर कळत नाहीये गो. पोट भरलेलं आणि अंगात त्राण नाही."

मीटिंगमध्ये मोठे डॉक्टर सगळ्यांसमोर म्हणाले, "वयाप्रमाणे व्हायचंच. आता ही कामं नव्या लोकांकडे द्यायला हवीत." काकांची निवृत्ती जवळच आली होती, तेवढंही न थांबता त्यांनी राजीनामा दिला. किल्ली माझ्या हातात ठेवताना म्हणाले, "एसीचं पाणी गळतं, बादली बघत जा."

ते गेल्यावर एक दिवस मी लॅबच्या मशीनच्या आत न शिरता खालच्या सर्व्हरच्या बाजूने बघितलं. तिथे त्या मशीनवर एक मर्यादा घातलेली होती. आत कितीही मेमरी दिसो, खरी त्याला एवढीच द्यायची, त्यापुढचं सगळं डिस्कवर लिहायचं. आणि डिस्क म्हणजे मेमरीपुढे बैलगाडी. काका जेवढी मेमरी वाढवत होते, तेवढी डिस्कवर जात होती. पूर्वी बाहेरच्या कुणी एक छोटं नमुना मशीन, त्याला पुरेल एवढी मर्यादा घालून, करून ठेवलं होतं. त्याची कॉपी काढून लॅबचं मशीन बनलं, आणि मर्यादा तशीच सोबत आली. लॅबच्या मशीनवर ती मुद्दाम घातली कुणीच नव्हती.

ती काढली, आणि मशीन पळायला लागलं. लोक माझं कौतुक करायला लागले. मला ते ऐकवेना.

रविवारी जयगडहून फेरीबोटीने खाडी ओलांडून गुहागरला गेले. काका पोफळींना पाणी लावत होते. मी सगळं सांगितलं. त्यांनी पाइप खाली ठेवला.

"म्हणजे मी मशीनलाच विचारत बसलो. त्याला काय ठाऊक, बाहेरून कोण अडवतंय ते?" पाइप पुन्हा उचलत म्हणाले, "बाहेरून बघायला हवं होतं. जहाजावर रेडिओ अडला की आधी बाहेर जाऊन एरियल बघायचो."

"तुमची चूक नव्हती, काका. परत या ना. डॉक्टरांना सांगितलं, तर म्हणाले, काकांना कळवा."

"कळवा म्हणाले. बोलवा म्हणाले का?"

काकूंनी शहाळं दिलं, ते मी उभ्यानेच प्यायले. निघताना काका बेड्यापर्यंत, वाडीच्या फाटकापर्यंत, आले.

"औषधांच्या दुकानाचं मशीनही त्याच कॉपीतून केलंय. बघ एकदा."

सोमवारी बघितलं. त्यातही मर्यादा होती. ती काढली आणि डॉक्टरांच्या केबिनमध्ये जाऊन सांगितलं की ही काकांनी घरी बसून शोधली.

"अच्छा," ते म्हणाले, आणि त्यांनी पुढच्या पेशंटला आत बोलावलं.