एकतीस सत्तावीस, एकतीस सत्तावीस

सोरोबानचे, म्हणजे जपानी अबॅकसचे, मणी सरकवायला शिकवण्यात ओनो गावच्या हिदेसाबुरोचं आयुष्य गेलं. उद्या त्याच्या मुलीचं, चिनात्सुचं, दुसरं लग्न. चार शब्द त्यानेच बोलायचे होते, आणि हा मात्र होणाऱ्या जावयावर धुमसत बसलेला.

कारण काय, तर जावयाने दोघांच्या नव्या नूडलच्या दुकानासाठी फोन नंबर घेतला, 3127-3127. वर फुशारकी, की गिऱ्हाइकाच्या लक्षात राहील म्हणून.

"अगं, लग्नात एक शब्द दोनदा उच्चारत नाहीत, दुसरं लग्न ओढवतं म्हणून," हिदेसाबुरो म्हणाला. "आणि याने अख्खा आकडाच दोनदा घेतला!"

"हे दुसरंच आहे, बाबा," चिनात्सु किमोनोची पेटी बांधत म्हणाली.

"थट्टा नको. कुठलेही चार आकडे दोनदा लिही. त्र्याहत्तरने भाग जातो, एकशे सदतीसने जातो. जाणारच, सुटका नाही. एकतीस सत्तावीस तरी धड असावा? तोही त्रेपन्न गुणिले एकोणसाठ. म्हणजे चार तुकडे. चार! आहेराच्या नोटासुद्धा आपण विषम देतो, दोघांत वाटल्या जाऊ नयेत म्हणून. मी अविभाज्य नंबर काढून देतो, सकाळपर्यंत—"

"पहिल्या वेळी दिला होतात की."

पहिल्या लग्नात त्याने पाकिटात अविभाज्य रक्कम घातली होती, सुट्ट्या येनच्या नाण्यांसकट. सासरचे हसले होते, तरी याची मान ताठ.

"मी बॅग घेऊन परत आले," चिनात्सु म्हणाली, "तेव्हा आईने चहा ठेवला. तुम्ही सोरोबान काढलात. त्या रकमेचा भाग कुठे चुकला ते बघायला. काय झालं गं, एवढंसुद्धा विचारलं नाहीत. आजपर्यंत नाही."

हातातली दोरी तशीच धरून ती थांबली. विचारतील, असं तिला खरंच वाटलं. हिदेसाबुरोलाही विचारायचंच होतं. प्रश्न अगदी ओठांवर आला होता. पण जीभ मेली सवयीची गुलाम.

"भाग चुकला नव्हता," तो म्हणाला. "मी दोनदा तपासला होता."

चिनात्सुने दोरीची गाठ घट्ट मारली आणि पेटी उचलली.

"उद्या तुम्ही बोलू नका, बाबा," ती म्हणाली. "नुसते येऊन बसा."