शंभर बोटांची काठी

माघ संपत आला होता. नाशिकरोडला सकाळच्या गाडीत बसले तेव्हा माझ्याजवळ डब्यात दशम्या होत्या, पिशवीत अण्णाची वही होती आणि कमरेला यादी खोचलेली होती. यादीचे तीन भाग केले होते. 'चौकशी'खाली दोन नावे: कल्याणचे बाबूराव ओतारी आणि माजिवड्याचा बाळाराम लेथवाला. 'खरेदी'खाली वाल, सुईदोरा आणि पितळी चाळण्या. 'मुक्काम'खाली एकच ओळ: डोंबिवली, वहिनीकडे.

कशासाठी निघाले ते मंडळाच्या जुन्या भगिनींना माहीत आहे, नव्यांसाठी सांगते. माझा थोरला भाऊ अण्णा गेल्या श्रावणात वारला. तो रेल्वेच्या मालधक्क्यावर कारकून होता. शिक्षण मराठी सातवी. यंत्रविद्या त्याला कोणी शिकवली नाही. लहानपणी गावच्या उसाच्या चरकाचे दाते त्याने अंगणात चिंचोके मांडून मोजले होते आणि मोठे चाक एकदा फिरले की लहान किती वेळा फिरते, हे आईला पटवून दिले होते. आईने चिंचोके गोळा करून परत डब्यात टाकले. तिथून त्याचे शिक्षण सुरू झाले.

आपल्या मंडळासाठी त्याने उभ्याने चालवायचे शेवयांचे यंत्र योजले होते. बायकांनी पाटावर वाकून सोऱ्या पिळू नये, उभे राहून लांब दांडा खाली दाबावा, शेवया आपोआप पडाव्यात. ते करण्याआधीच तो गेला. वही मागे राहिली. वहीवरून आपल्या गावातल्या मिस्त्रींनी यंत्र केले. त्यातून शेवया छान पडल्या, पण दांडा वर गेला की सहा फुटांच्या वर. मंडळातल्या सीताकाकू टाचा उंचावून तो धरायला गेल्या आणि लोंबकळल्या. मूठ दांड्याभोवती बसेना. एकदा दाबायला दोघी लागायच्या.

मिस्त्री म्हणाले, "वहीत लिहिलंय तसंच केलंय, बाई. 'शंभर बोटे' म्हणजे शंभर बोटे. बोट म्हणजे पाऊण इंच, साऱ्या जगात." मग म्हणाले, "शाळेत न शिकलेल्या माणसाचं असंच व्हायचं."

मंडळाच्या बैठकीत ते यंत्र मोडीत काढून मुंबईहून तयार यंत्र आणावे असे ठरत होते. मी पंधरा दिवसांची मुदत मागून घेतली. चैत्रात शेवयांचा हंगाम सुरू होतो. त्याआधी मला एवढेच कळायला हवे होते की अण्णा चुकला होता का. खरे सांगायचे तर माझ्याही मनात शंका होती.

कसाऱ्याचा घाट उतरला आणि शाल काढून ठेवावी लागली. टिटवाळा गेले, मग निर्वासितांच्या छावणीतल्या बराकींच्या लांबच लांब रांगा दिसल्या. बराकींपुढे कोणी खाटा विणत होते, कोणी लोखंडी पत्र्याच्या पेट्या ठोकत होते. कल्याणला उतरले तेव्हा अकरा वाजले होते.

बाबूरावांचे घर पारनाक्याजवळ. टांगेवाल्याला नाव सांगताच तो म्हणाला, "घंटावाले ना? चला, आवाजावरून जाऊ." आणि खरेच, गल्लीच्या तोंडाशीच घंटेचा टोल ऐकू आला, मग कानशीचा खरखर आवाज, मग पुन्हा टोल.

बाबूराव जातीचे ओतारी नाहीत. घरचा धंदा रंगाऱ्याचा. तरुणपणी देवळाची एक तडकलेली घंटा यांनी दुरुस्तीला म्हणून घरी आणली आणि ओतायला शिकेपर्यंत चार वेळा वितळवली. "पाचव्यांदा ती घंटा झाली," ते म्हणाले, "पण बोलायची बोकडासारखी. पुजारी म्हणाला, बाबूराव, देव घाबरेल." त्यानंतर त्यांनी घंटेच्या ओठाची आतली बाजू कानशीने घासून आवाज उतरवायची युक्ती स्वतःच शोधून काढली. रात्रीच्या भजनात पेटीवर जो सूर लागतो, त्या सुरापर्यंत घंटा आणतात. आता लांबच्या शाळांनाही यांच्याच घंटा लागतात.

मी वही उघडली. त्यांनी पाहिलीही नाही.

"मला वाचता येत नाही हो. अण्णा कधी वही घेऊन आलेच नाहीत. ते फर्मे (लाकडी नमुने) आणायचे. मी वाळूत दाबायचो आणि पितळ ओतायचो."

"मापं चुकायची का कधी?"

"अण्णांची?" त्यांनी कानशी खाली ठेवली. "पितळ निवलं की आकसतं, बाई. तेवढं ते आधीच धरून आणायचे. एवढं तर मोठ्या कारखान्यातले साहेबही धरत नाहीत."

"पण फूटपट्टी?"

"छे. काठी असायची हातात. उंच. तिच्यावर खाचा. आम्ही थट्टा करायचो, अण्णा गुरं राखायला निघाले म्हणून."

ती काठी कुठे आहे ते त्यांना ठाऊक नव्हते. शेवटच्या यंत्राचे फर्मेही त्यांच्याकडे आले नव्हते. मी यादीत लिहिले: 'काठी. शोधणे.' बाबूरावांच्या सुनेने पोहे दिले, वर ओले खोबरे. निघताना बाबूरावांनी एक लहान घंटा वाजवून विचारले, "कशी आहे?" मला सुरातले काही कळत नाही, तसे सांगितले. ते म्हणाले, "मग चांगली असेल. वाईट असती तर तुम्हालाही कळलं असतं."

दुपारी डोंबिवलीला पोहोचले. स्टेशनबाहेर थोडी दुकाने, मग बैठी घरे, आणि लगेच कापलेल्या भाताची शेते. अण्णा-वहिनीची दोन खोल्यांची जागा गणपतीच्या देवळामागे, विहिरीजवळ. वहिनी लहानखुरी आहे. माझ्या खांद्याला लागते. यायला उशीर झाला म्हणून तिने प्रश्न विचारले नाहीत, पाणी तापवले.

मी आंघोळ करून लुगडे धुतले. वलणी (कपडे वाळत घालायची आडवी काठी) उंच, आढ्याजवळ. कोपऱ्यातली उभी काठी घेऊन मी लुगडे वर सरकवले. काठीला खाचा होत्या आणि ओले लुगडे त्यात अडकत होते.

"वहिनी, ही काठी तासून घे गं. कापड फाटेल."

"राहू द्या, वन्सं," ती म्हणाली. "सवय आहे मला."

जेवताना मी बाबूरावांकडची हकीकत सांगितली. त्यांनी सांगितलेली थट्टाही. वहिनी गुरांची थट्टा ऐकून हसली आणि मला आणखी आमटी वाढली. मी उद्याची वेळापत्रके काढण्यात गुंतले होते.

दुसऱ्या दिवशी ठाण्याला उतरून टांग्याने माजिवड्याला गेले. तळ्याच्या काठाने वस्ती दाट आहे. पुढे मात्र झाडी, आंब्याच्या बागा आणि खाडीचा वास. बाळारामचे घर मिठागरांच्या कडेला. आधी दिसला तो त्याचा पंखा. बांबूच्या चौकटीला होडीच्या जुन्या शिडाचे सहा तुकडे बांधलेले, वाऱ्यावर गरगर फिरणारे, आणि त्याच्या जोरावर खाडीचे पाणी डब्याडब्यांनी वर येऊन वाफ्यांत पडत होते. पूर्वी हे पाणी माणसे दिवसभर उपसत. बाळारामचा बापही त्यांतलाच.

"पहिला पंखा केला तवा शीड कुठचा?" बाळाराम म्हणाला. "आयशीचा लुगडा फाडला. दोन दिवस आयशीना जेवाला दिला नाय. तिसऱ्या दिवशी पानी चरला, तं सगल्या गावाला सांगत फिरली, माझा लुगडा बघा, माझा लुगडा!"

इथली आगरी मंडळी लहानथोर सर्वांना 'तू' म्हणतात. त्यात अनादर नसतो, उलट परके न समजण्याची खूण असते. पंख्यानंतर बाळारामने भंगारातला पायाने फिरवायचा लेथ, म्हणजे कातकामाचे यंत्र, आणला. तो कसा चालवायचा हे सांगणारे कोणी नव्हते. पहिले वर्षभर त्याने नुसते लाकडी भोवरे केले आणि गावातल्या पोरांना वाटले. कुठला भोवरा डुगडुगतो ते पोरे लगेच सांगत. "शंभर परीक्षक," तो म्हणाला, "आनि एकपन दयाळू नाय."

त्याच्या बायकोने तांदळाची भाकरी आणि वालाचे बिरडे वाढले. "तुना मासली चालत नाय, आन्नानी सांगलेला," ती म्हणाली. अण्णाने इथे माझ्याबद्दल सांगितले होते, हे मला ठाऊक नव्हते.

मग मी वही काढली आणि प्रश्न क्रमाने विचारू लागले. तिसऱ्या प्रश्नाला बाळारामने वही मिटली.

"बाय, ती ठेव बाजूला. मिस्त्रीना काय केला ते सांग."

मी सांगितले. दांड्याची उंची, मूठ, सीताकाकू. तो मांडीवर थाप मारून हसला.

"बोट म्हंजे पाऊन इंच? कोनचा बोट? माझा बघ!" त्याने पंजा पुढे केला. तीन बोटांत मंडळाचा पोळपाट झाकला असता. "आन्नाचा मधला बोट तू बघितलेला ना? मालधक्क्यावर चेपलेला, चपटा. त्या बोटाना माप घेतला असता तं ती मशीन हत्तीनला लागली असती. आन्नाची बोटां काठीवर व्हती. पन ती बोटां आन्नाची नव्हती."

"मग कोणाची?"

"मना ठावं नाय. मी इचारला. आन्ना हसला. बोल्ला, बाळाराम, मशीन जिच्या हातात जानार, माप तिचा."

परतीच्या टांग्यात मी यादीच्या मागच्या बाजूला नावे लिहिली. सीताकाकू? अण्णाने त्यांना कधी पाहिले नव्हते. मी? माझा हात त्याने कधी मोजला नव्हता. आई तर कधीच गेली. टांगा हादरत होता आणि अक्षर वेडेवाकडे पडत होते. त्यात नाणी पदरात बांधण्याच्या नादात डोंबिवलीची गाडी डोळ्यांदेखत सुटली. पुढच्या गाडीपर्यंत फलाटावर बसून मी तीच नावे पुन्हा वाचली. एकही जुळेना.

घरी पोहोचले तेव्हा उन्हे उतरत होती. वहिनी वलणीवरून माझे लुगडे काढत होती. काठी तिने वर धरली होती, आणि काठीवरचा तिचा हात एका खाचेपासून पाचव्या खाचेपर्यंत, चार बोटांचा, अगदी नेमका बसला होता.

मी दारातच उभी राहिले.

"वहिनी, या खाचा कोणी पाडल्या?"

"ह्यांनी. आणखी कोण पाडणार?" तिने लुगडे खांद्यावर टाकले. "एके दुपारी म्हणाले, बस इथे, हात ठेव. चार बोटं ठेवली की खुणा करायचे, मग पुढे सरकवायचे. पंचवीस वेळा. मी म्हटलं, अहो, पोळी करपतेय. तर म्हणाले, करपू दे, शंभर होऊ देत."

"आणि यंत्र?"

"आधी फळ्यांचं केलं होतं, इथेच, ह्या खोलीत. मी दाबून बघायची. पहिला दांडा उंच होता, खांदा भरून आला. मी म्हटलं, खाली घ्या. दुसऱ्याची मूठ जाड होती. तिसऱ्याला म्हटलं, आता बरं आहे, पण पीठ घट्ट असलं तर? मग जोर कमी लागावा म्हणून दांडा लांब केला. त्यांच्या वहीत ते सगळं आहे की."

वहीत ते सगळे होते. माप कोणाचे, एवढेच नव्हते. मी तिला तसे म्हटले.

"ते कशाला लिहायचं?" तिला खरेच नवल वाटले. "मी घरातच होते की."

"अगं, पण काल मी काठीबद्दल एवढं बोलले! तू बोलली का नाहीस?"

वहिनी लुगड्याची घडी घालू लागली. "तुम्ही बाबूरावांनी काय सांगितलं ते सांगत होतात, वन्सं. मला कुठे विचारलंत?"

मग तिने चहा ठेवला आणि मी वही घेऊन तिच्याजवळ, चुलीपाशी बसले. एकेका पानाला ती सांगत गेली: इथे कोपर अडायचे, इथे अण्णा रुसला होता, हा आकडा तिने सांगितला म्हणून खोडून नवा लिहिला. सतरा जागी खाडाखोड होती. मिस्त्री ज्याला अण्णाचा गोंधळ म्हणाले होते, ती वहिनीची मते होती.

तिसऱ्या दिवशी सकाळी निघाले. वहिनीने काठी दिली, पण एका अटीवर: वलणीसाठी दुसरी आणून द्यायची. मी बाजारातून बांबूची काठी आणली. तिने ती हातात धरून पाहिली, लुगडे वर सरकवले आणि म्हणाली, "बरी आहे. थोडी उंच आहे."

वाटेत कल्याणला उतरून बाबूरावांना काठी दाखवली. त्यांनी ती कपाळाला लावली, मग दोऱ्याने लगेच पीठ भरायच्या पितळी नळीचे माप घेतले. लहान नळी ओतून, बाळारामकडून लेथवर साफ करवून पार्सलने पाठवतो म्हणाले. पुढे गाडीत तिकीट तपासनिसाने काठीकडे पाहिले.

"बाई, एवढी काठी कशाला?"

"फूटपट्टी आहे."

"कोणाची?"

"माझ्या वहिनीची," मी म्हटले. तो पुढच्या डब्यात गेला.

नाशिकला मिस्त्रींनी काठी आडवी ठेवून आपले बोट एका खाचेत बसवून पाहिले. ते बसेना. "बाई, हे बोट लहान आहे," ते म्हणाले.

"नाही," सीताकाकू म्हणाल्या, "तुमचं मोठं आहे."

चैत्राच्या दुसऱ्या आठवड्यात नवे यंत्र उभे राहिले. सीताकाकूंनी एका हाताने दांडा दाबला, दुसऱ्या हाताने पदर सावरला. टाचा जमिनीवर होत्या. मिस्त्रींनी स्वतःहून वही मागून घेतली आणि पाने उलटत बराच वेळ बसले.

यंत्रावर अण्णाचे नाव कोरावे असे बैठकीत ठरले आहे. मी त्यात दुसरे नाव घालण्याची सूचना मांडली आहे आणि ती मंजूर होईपर्यंत उठणार नाही. अण्णा, बाबूराव, बाळाराम यांना कोणी शिकवले नाही, हे मी जाताना अभिमानाने सांगत होते. आता तेवढे म्हणवत नाही. बाळारामला पोरांनी शिकवले, बाबूरावांना बोकडासारख्या घंटेने, आणि अण्णाला पोळी करपत असताना हात ठेवून बसलेल्या एका बाईने.

प्रवासाची यादी मी अजून ठेवली आहे. तिच्यातली सगळी कामे झाली, फक्त वाल राहिले. एक दुरुस्ती मात्र करावी लागली: 'मुक्काम'खालचे नाव खोडून 'चौकशी'खाली लिहिले, सर्वांत वर.