पंचफुलामावशीची कोठी

“बसू नोको तिथं! भात निजला आहे तिथं!”

पंचफुलामावशी माझ्याशी बोलली ते हे पहिलं वाक्य. कुडवा गावात भाड्याने राहायला आले त्या संध्याकाळी नळाला पाणी किती वाजता येतं ते विचारायला मी तिच्याकडे गेले होते आणि दमून खाटेवर टेकणार, तोच ती ओरडली. मी दचकून उभी राहिले. खाटेवर गोधडीचं एक गाठोडं होतं. तान्ह्या बाळाचं पांघरूण सारावं तसं तिने ते अलगद उघडलं, तर आत भाताचं गंज, म्हणजे पातेलं! एक उकळी फुटली की ती गॅस बंद करायची आणि गंज गोधडीत गुंडाळून ठेवायची. भात आपल्याच वाफेवर शिजायचा. “गॅस काई आपल्या बापाचा नाई, न भाताले कोनती गाडी पकडाची आहे?” ती म्हणाली. पाण्याची वेळ सांगायची मात्र ती विसरली आणि दुसऱ्या दिवशी मी अंघोळीशिवाय शाळेत गेले.

मी मूळची अमरावतीकडची. गोरेगाव तालुक्यातल्या एका शाळेत शिक्षिका म्हणून लागले आणि कुडव्याहून स्कूटीने जा-ये करू लागले. आमच्या गल्लीतली बहुतेक माणसं जवळच्या राईस मिलमध्ये कामाला. पुरुष पोती वाहायचे, बाया तांदूळ पाखडायच्या. मावशीची सारी हयात त्याच मिलमध्ये गेली होती. नवरा लवकर गेला, मुलगी फुलचूरला दिलेली. अंगाने काटकुळी, आवाजाने दणकट. दर पौर्णिमेला पांढरं लुगडं नेसून विहारात जायची आणि परत येताना वाटेतल्या प्रत्येक घरात डोकावून कोण काय शिजवतंय ते पाहायची. तिला चोंबडी म्हणणाऱ्या बाया होत्या. मीही सुरुवातीला त्यांच्यातच होते.

काटकसर तिच्या हाडीमासी खिळलेली. पातळ फाटलं की त्याची उशीची खोळ, खोळ विरली की पोतेरं, पोतेऱ्याचे धागे निघाले की त्याचा चूल पेटवायचा काकडा. तव्याला तेल लावायला तिच्याकडे वांग्याचा देठ असायचा. माझ्या हातात तेलाची बाटली पाहिली की तिचा जीव वरखाली व्हायचा. “तेल लावाचं आहे वो मास्तरीण, आंघोर नाई घालाची!” पण तिला कंजूष म्हणायची सोय नव्हती, कारण शेजारी कोणी आजारी पडलं की त्याच बाईच्या घरातून वाटीभर साजूक तूप निघायचं. ते तिने कुठे दडवलेलं असे, हे कधी कोणाला कळलं नाही.

मग एका हिवाळ्यात मिलला कुलूप लागलं. मालक भावाभावांचं बिनसलं आणि पोती वाहणाऱ्यांचे हात रिकामे झाले. पहिला महिना लोकांनी हसण्यावारी नेला. पुढे गल्लीतून फोडणीचे वास येईनासे झाले. तेव्हा मावशीने आपल्या अंगणात एक मोठी चूल घातली आणि जाहीर केलं की आजपासून गल्लीत ही एकच चूल पेटेल. लाकूडफाटा सर्वांनी मिळून आणायचा. आधी डाळ, मग भात, मग निखाऱ्यावर भाजी आणि शेवटच्या धगीवर पोरांच्या अंघोळीचं पाणी. पहिले दोन दिवस कोणाचं गंज आधी चढवायचं यावरून अशी काही जुंपली, की मला वाटलं, ही चूल माणसंच जाळणार. मावशीने भांडणाऱ्या दोघींची डाळ एकाच गंजात ओतून टाकली. भांडण तिथेच संपलं.

गल्लीत दरमहा पगार येणारी मी एकटीच. मला त्याची लाज वाटायची. एकदा मी किराण्याचं अख्खं पोतं तिच्या अंगणात आणून टाकलं. तिने ते तसंच उचलून माझ्या दारात ठेवलं. “सप्पा लोक जेवढं देतात तेवढंच तू देजो. देनारा मोठा झाला का घेनारा लहान होते. न उद्या सकारी मले याच लोकायसंगं राहाचं आहे.” मला राग आला होता. एवढं चांगलं करायला जावं आणि बोलणी खावीत! तो राग उतरायला मला धनीरामच्या मुलीचं, लक्ष्मीचं लग्न पाहावं लागलं.

धनीराम हा मिलमधला हमाल, छत्तीसगडकडून आलेला. गल्लीत हिंदी बोलायचा, बायको बिसाहिनशी घरात छत्तीसगढीत. पोतं उचलताना त्याची कंबर धरली होती आणि तो पट्टा बांधून वावरायचा. लक्ष्मीचं लग्न मिल चालू असतानाच ठरलेलं. मुलगा गोरेगावकडचा, सालस. मुलाचे आजोबा थकलेले, त्यांना नातवाच्या डोक्यावर अक्षता पडलेल्या पाहायच्या होत्या, म्हणून मुहूर्त उन्हाळ्यातलाच हवा होता. आणि धनीरामची एकच अट होती, स्वतःवरच घातलेली: त्याच्या दारातून एकही माणूस उपाशी जाता कामा नये. लग्नात बँड नसला तरी चालेल, मंडप नसला तरी चालेल, पण पंगत हवी. घरात तर स्वतःच्या चार पोटांची मारामार. शेवटी त्याने लग्न वर्षभर पुढे ढकलायचं ठरवलं. बिसाहिन दाराआड रडत बसली, कारण थकलेला आजोबा आणि तरुण मुलगा, दोघंही वर्षभर थांबतीलच असं नव्हतं.

मावशी तरातरा त्याच्या घरी गेली. मी मागे होतेच.

“काऊन रे धनीराम, पोरगी तुही एकट्याची आहे का? आमच्या अंगनात रांगली ते.”

“बाई, मैं किसी का एहसान नहीं लूँगा,” तो भिंतीकडे पाहत म्हणाला. “मेरी बेटी की शादी में लोग मेरे घर का खाएँगे. नहीं तो नहीं खाएँगे.”

मावशी परत फिरली. दुसऱ्या दिवशी तिने आपल्या घरातली धान्याची पत्र्याची मोठी कोठी ओसरीवर काढली, पुढे एक चादर बांधली आणि घरोघर सांगून आली: चादरीआड जायचं, जमेल तेवढा तांदूळ कोठीत टाकायचा आणि निघायचं. कोणी किती टाकला, कोणता टाकला, कोणी पाहायचं नाही. कोणाकडे राशनचा जाड तांदूळ होता, कोणाकडे गावाहून आलेला सुवासिक चिन्नोर, कोणाकडे उकडून वाळवलेला उसना. सर्वांत शेवटी तिने धनीरामला हाताला धरून आणलं आणि त्याच्या घरातला तांदूळ त्याच्याच हातांनी कोठीत टाकायला लावला. मग कोपरापर्यंत हात घालून कोठी ढवळली आणि म्हणाली, “आता निवडून दाखव, यातला तुहा कोनता न माहा कोनता?”

धनीरामने कोठीत हात घातला, मूठ भरली आणि तशीच परत सोडली. मग म्हणाला, “ठीक है बाई. शादी होगी.” त्या दिवशी बिसाहिनने गल्लीतल्या प्रत्येक पोराला धरून पापे घेतले.

लग्नाच्या आदल्या दिवशी दुपारी आचारी आला. त्याने कोठीचं झाकण काढलं, मूठभर तांदूळ तळहातावर पसरला आणि त्याचा चेहराच पडला. “बाई, हे काय करून ठेवलं? यात नवा आहे, जुना आहे, उसना आहे, राशनचा आहे. एक गरून जाईन तरी दुसरा कच्चाच राहीन. याचा भात नाई होये. खाली लापशी न वर खडे.” आणि तो चक्क पिशवी उचलून निघून गेला.

भाताचा मुलूख हा! दोन जातींचे तांदूळ एकत्र शिजत नाहीत हे इथलं शेंबडं पोरही सांगेल. आणि जिने आयुष्यभर मिलमध्ये तांदूळ पाखडला त्या बाईनेच अख्खी कोठी ढवळून ठेवली होती! गल्लीतल्या सगळ्यांना वाटत होतं, मावशीने काहीतरी मनात धरूनच हे केलं असणार. आम्ही सगळे तिच्याकडे पाहू लागलो. ती कोठीला टेकून मटकन खाली बसली. तिच्या मनात काहीही नव्हतं. कोणाला कमीपणा येऊ नये, या एका ध्यासात ती तांदळाचा धर्मच विसरली होती.

धनीरामने खिशातून फोन काढला. “मैं समधी को बोल देता हूँ. मत आओ बोलता हूँ.”

“ठेव तो फोन,” मावशी बसल्या जागेवरून म्हणाली. मग बिसाहिनकडे वळली. “मिलच्या झाडझुडीचा तांदूर आपन घरी नेत होतो, तो सप्पा मिसळलेलाच राहे ना वो? तू त्याचं काय करत होती?”

“पिसवा लेती थी.”

“न मंग पोट्ट्यायले काय देत होती सकारी?”

“चिला,” बिसाहिन म्हणाली, आणि मावशीचा रोख कळताच तिने तोंडाला पदर लावला. “नहीं बाई! शादी में चिला? लोग हँसेंगे!”

“हासू दे. हासता हासता खातीन.” मावशी उठली. “भात थंडा झाला का त्याले कोनी पुसत नाई. चिला तव्यावरून गरम गरम भेटते. पीठ कालवलं का त्याले जात नाई राहत, बाई. उचला कोठी!”

चिला म्हणजे तांदळाच्या पिठाचं पातळ धिरडं. गरिबाघरची सकाळची न्याहारी. चक्कीवाल्याने एवढी मोठी कोठी पाहून कपाळाला हात लावला. मध्येच वीज गेली, तेव्हा तर मावशीने त्यालाच असं फैलावर घेतलं, जणू तारा त्यानेच तोडल्या. दिवे लागायच्या सुमारास अख्खी कोठी दळून झाली. त्या पिठाला हात लावून पाहिला तेव्हा मला त्या परत आलेल्या पोत्याचं कोडं उलगडलं. त्यात माझाही तांदूळ होता, इतरांइतकाच, आणि तो कुठे दिसत नव्हता. मला फार बरं वाटलं.

लग्नाच्या दिवशी गल्लीने जे रूप धरलं ते मी जन्मात विसरणार नाही. प्रत्येक दारापुढे तीन विटांची चूल आणि चुलीवर त्या त्या घरचा तवा. विहारातून मोठाली गंज आली, त्यात डाळ आणि आलू-वांग्याची भाजी रटरटत होती. कैरीची चटणी मी वाटली, आणि ती तिखट झाली म्हणून शिव्याही मीच खाल्ल्या. मावशी तव्यांना तेल लावायला वांग्याचे देठ देत एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत फिरत होती. अक्षता पडल्या. वऱ्हाडी बसले. पत्रावळी मांडल्या गेल्या.

नवऱ्याच्या आजोबांनी पत्रावळीवरून नजर फिरवली आणि खणखणीत आवाजात विचारलं, “भात कुठं आहे?”

धनीराम पट्ट्यावर हात ठेवून उभा होता. मावशीने तव्यावरचा चिला उलथन्याने उचलला आणि सरळ म्हाताऱ्याच्या पानात टाकला. “भातच आहे बाबा. साऱ्या गल्लीचा आहे. खाऊन पाहा, मंग बोला.”

म्हाताऱ्याने तुकडा मोडला, डाळीत बुडवला, तोंडात घातला. चावला. दुसरा तुकडा मोडला. पान साफ केलं आणि मग काठी टेकत उठलाच! आम्हाला वाटलं, म्हातारा रागावून चालला. पण तो निघाला तो शेजारच्या दारी. “आता यायच्या घरचा वाढा. पाहू कोनाचा चांगला आहे ते.” तिथला संपवून पुढच्या दारी. नातवाने पाहिलं, मग करवल्यांनी पाहिलं, आणि बघता बघता अख्खं वऱ्हाड पत्रावळी हातात घेऊन दारोदार फिरू लागलं. इथला कुरकुरीत, तिथला लुसलुशीत. आमच्या बाया तर चेकाळल्याच! ज्यांच्या घरी महिनोन्‌महिने पाहुणा आला नव्हता, त्यांच्या दारात माणसं उभी राहून आणखी मागत होती. बिसाहिनच्या तव्यापुढे तर रांग लागली. हसणारं कोणी नव्हतं असं नाही. सगळेच हसत होते, तोंडात घास घेऊन.

पुढे मिल उघडली. मालकांपैकी एकाने आपल्या मुलीच्या हळदीला मावशीकडे चिल्यांची मागणी केली, तेव्हा “तांदूर गल्लीभर मागून आना, मंग येतो,” असं तिने त्याला ठणकावून सांगितलं. मावशी आता फुलचूरला मुलीकडे असते आणि माझी बदलीही झाली आहे. पण मावशी म्हटलं की मला आठवते ती त्या दिवशीची उतरती दुपार.

लक्ष्मीची पाठवणी झाली होती. तवे निवत चालले होते. धनीराम दारोदार जाऊन एकेकाला विचारत होता, “खाया ना? कोई बचा तो नहीं?” मावशी ओसरीच्या पायरीवर पाय पसरून बसली होती. तो तिच्यापुढे थांबला.

“बाई, आपने खाया?”

सकाळपासून तिच्या पोटात चहाच्या घोटाखेरीज काही गेलं नव्हतं, हे आमच्यापैकी एकीच्याही लक्षात आलं नव्हतं.

बिसाहिन धावत उठली. धनीरामने तिला हाताने थांबवलं. पट्ट्याने आवळलेली ती दुखरी कंबर त्याने कशीबशी वाकवली, चुलीत फुंकर घातली, गंजाच्या तळाचं उरलंसुरलं पीठ खरवडून तव्यावर ओतलं. जन्मात कधी चुलीपुढे न बसलेला तो माणूस. चिला उलटताना फाटला, अर्धा करपला. तो तसाच पत्रावळीवर घालून दोन्ही हातांनी त्याने मावशीपुढे धरला.

मावशीने फाटका चिला शेवटच्या तुकड्यापर्यंत खाल्ला.

“पेट भरा, बाई?”

“नाई भरलं,” मावशी म्हणाली. तिचे डोळे वाहत होते आणि ती ते पुसतही नव्हती. “तुह्या पोरीचं लग्न आहे. टाक आनखी एक.”