भरलेला रकाना

परवा व्हिडिओ कॉलवर तुम्ही दोघांनी विचारलंत, आजी, ऑफिसात तुझ्या मागे नुसती भिंत असायची, आता तो मोठा टीव्ही कसा दिसतो? मी म्हटलं, खुर्ची फिरवली. तेवढ्यात एका गिऱ्हाइकाचा फोन आला आणि बोलणं तिथंच राहिलं. खुर्ची का फिरवली, ते आज लिहिते.

तुमच्या मामाचा धंदा तुम्हाला ठाऊक आहे. कोल्ड रूम, दुकानांतले मोठे फ्रीज, एसी दुरुस्त करायचे. आजोबांनी सुरू केलेला. सकाळी दहा ते दोन मी तिथं फोन घेते आणि इंग्रजी पत्रव्यवहार पाहते. आमच्या तंत्रज्ञांच्या मोबाइलवर कामांचं एक ॲप आहे. नवं काम त्यातच येतं. जागेवर पोचलं की एक बटण दाबायचं, निघताना दुसरं, आणि काम पुरतं संपलं की तिसरं.

मामाला ही सगळी माहिती ऑफिसातल्या एका मोठ्या टीव्हीच्या पडद्यावर, आपोआप, रंगांत दिसायला हवी होती. कोण किती वेळात काम उरकतो, कुठं उशीर होतो. त्यासाठी ते ॲप अहवालाच्या दुसऱ्या सॉफ्टवेअरला जोडायचं होतं. जोडणारा इंजिनिअर पुण्याहून कॉलवर इंग्रजीत बोलायचा. मामाला वेळ नव्हता. ‘‘आई, तू बस त्याच्याबरोबर. तुझं डोकं नीटनेटकं आहे,’’ तो म्हणाला. मला बरं वाटलं, हे कबूल करते.

काम सोपं होतं. इकडचा कुठला रकाना तिकडच्या कुठल्या रकान्याला जोडायचा, एवढंच सांगायचं. सगळं जमलं, एकाच ठिकाणी अडलं. काम किती वेळ चाललं हे मोजायचं, तर शेवट कुठला धरायचा? ‘निघालो’ हा रकाना की ‘काम बंद’ हा? ‘निघालो’मध्ये जागोजाग रिकाम्या जागा होत्या, कारण पोरं ते बटण दाबायला विसरतात. ‘काम बंद’ वरपासून खालपर्यंत भरलेला होता, कारण त्याशिवाय बिलच निघत नाही. मी भरलेला रकाना निवडला. इंजिनिअर म्हणाला, ‘‘व्हेरी क्लीन, मॅडम.’’ घरी येऊन मी स्वतःसाठी कॉफी केली.

आता चाचांविषयी. आजोबांच्या काळापासूनचे आमचे तंत्रज्ञ, त्यांना सगळे चाचाच म्हणतात. कोल्ड रूम दुरुस्त झाली की चाचा ती चालू ठेवून निघतात आणि दुसऱ्या दिवशी सकाळी परत जाऊन पाहतात. रात्रभर मशीन कसं चाललं, बर्फ धरला का, दाराचं रबर नीट बसलं का. ते पाहूनच ‘काम बंद’चं बटण दाबायचं, ही आजोबांनी घातलेली रीत. बाकीच्यांनी ती केव्हाच सोडली. चाचांची टिकली होती, आणि हे मला ठाऊक होतं. कितीतरी गिऱ्हाइकांना मी फोनवर अभिमानानं सांगितलंय, ‘‘उद्या सकाळी आमचा माणूस पुन्हा येऊन बघेल.’’ रकाना निवडताना मात्र माझ्या डोळ्यांपुढं चाचा नव्हते, रिकाम्या जागा होत्या.

पडदा सुरू झाला. पोरांची नावं हिरवी, चाचांचं लाल, सगळ्यांत खाली.

‘‘चाचा, लाल दिवा लागला,’’ पोरं म्हणाली. ‘‘मंत्री झालात की.’’

‘‘मग सलाम ठोका ना रे,’’ चाचा म्हणाले आणि पिशवी उचलून कामाला गेले.

मीही हसले. वय झालं असेल, हात मंदावला असेल, असंही मनात आलं.

त्याच सुमारास मामा बिडकीनला शाखा काढत होता. तिकडं कारखाने वाढतायत. तिथं प्रमुख कुणाला नेमायचं, हा प्रश्न होता. चाचांचं घर बिडकीनलाच. त्यांच्या बायकोची नजर आता जवळजवळ गेली आहे. चाचा मला एकदा म्हणाले होते, ‘‘भाभी, तिकडं नेमलं ना, तर दुपारी घरी जाऊन तिला वाढता येईल. लई नाय, एवढंच पायजे.’’ मी म्हटलं होतं, बोलते मुलाशी. बोललेही. मामानं पडद्याकडं बोट केलं. ‘‘आई, हे बघून कसं नेमू?’’ पडदा माझाच होता. मी वळून वाजणारा फोन घेतला. आमच्याच पोरांतला पडेगावचा एक तरुण बिडकीनला प्रमुख म्हणून गेला.

पुढं पुढं चाचांचं नाव हिरवं व्हायला लागलं. मला वाटलं, चला, सुधारले. मग एका सकाळी शहागंजातल्या मिठाईवाल्याचा फोन आला.

‘‘मॅडम, चाचांची तब्येत बरी आहे ना? काल मशीन करून गेले. आज सकाळी यायचे, आले नाहीत. चहा सांगून ठेवला होता.’’

‘‘मशीन बिघडलंय का?’’

‘‘नाही हो, झकास चाललंय. पण ते येतातच ना.’’

फोन ठेवून मी चाचांची कामं उघडली. जुन्या कामांत ‘निघालो’ आणि ‘काम बंद’ यांच्यामध्ये दर वेळी एक रात्र होती. अलीकडच्या कामांत दोन्ही वेळा एकच. पडद्यानं ती रात्र कामाच्या वेळात धरली होती, आणि चाचांनी ती काढून टाकली होती.

मामाला लगेच सांगितलं. तो चिडला नाही. रकाना बदलायला लावला, ‘निघालो’चं बटण सक्तीचं केलं. संध्याकाळपर्यंत चाचांचं नाव सगळ्यांत वर गेलं.

‘‘आणि बिडकीन?’’ मी विचारलं.

‘‘आई, त्या मुलानं तिथं घर घेतलंय, बायकोला नेलंय. त्याला कुठल्या तोंडानं परत बोलावू? त्याचं काय चुकलं?’’

त्याचं काहीच चुकलं नव्हतं.

चाचांना मीच सांगितलं. रकाना म्हणजे काय, तो कुणी निवडला, सगळं. ते ऐकून घेत होते.

‘‘जाऊ द्या भाभी,’’ ते म्हणाले. ‘‘मशीनची चूक.’’

‘‘मशीनची नाही, माझी.’’

ते पिशवी आवरायला लागले. ‘‘सकाळची फेरी पुन्हा सुरू करा,’’ मी म्हटलं. ‘‘बघू,’’ म्हणाले. अजून केलेली नाही. मशिनं तशीही चालतायत, त्यामुळं मामाही काही म्हणत नाही.

पूर्वी माझं तोंड पडद्याकडं असायचं आणि पाठ भिंतीलगतच्या जेवायच्या टेबलाकडं. आता उलट आहे. दुपारी शहरात असले तर चाचा त्या टेबलावर डबा उघडतात. आधी फोन लावतात. घरी ताट ते सकाळीच वाढून, झाकून आलेले असतात.

‘‘रोटी सीधे हात कू है,’’ ते बायकोला सांगतात. ‘‘कटोरी उसके बाजू. नहीं, और थोडा आगे. हां. मिली?’’

तिला कटोरी सापडली की मगच ते पहिला घास घेतात. मी तोवर फोन उचलत नाही, वाजत असला तरी.