टीव्ही बिघडला होता

मुलगी गेमिंग कॉम्प्युटरचे पार्ट निवडत बसलीये. पैसे कमी पडतायत, म्हणून म्हणाली, "बाबा, मॉनिटर राहू दे, सध्या टीव्हीलाच जोडते." मी उगाच पाणी प्यायला उठलो.

माझ्या लहानपणी चारकोपच्या आमच्या बैठ्या खोलीतही असंच होतं. मित्राकडून स्वस्तात जुना, कीबोर्डएवढा कॉम्प्युटर घेतला होता. पडदा आमच्या ब्लॅक-अँड-व्हाइट टीव्हीचा. गेम टेपरेकॉर्डरच्या कॅसेटवरून कॉम्प्युटरमध्ये चढायचा, कर्कश चीं चीं करत. एका रविवारी संध्याकाळी तो अर्धा चढला असतानाच शेजारच्या मालतीकाकू सिनेमा बघायला पाट घेऊन दारात आल्या. दर रविवारी यायच्या. आमच्या ओळीत टीव्ही एकच. मी दार अर्धंच उघडलं.

"काकू, टीव्ही बिघडलाय."

त्या पाट घेऊन परत गेल्या. मी खेळत बसलो.

दुसऱ्या दिवशी त्या रेडिओ दुरुस्त करणाऱ्या भावालाच घेऊन आल्या. "पैशे नको हां, माझो भाव आसा तो."

त्याने टीव्ही फिरवला. मागे अँटेनाच्या जागी कॉम्प्युटरची वायर तशीच खोचलेली होती. त्याने एकदा माझ्याकडे पाहिलं. वायर काढून अँटेना लावली. मग उगाचच झाकण उघडून आत फुंकर मारली आणि सगळे स्क्रू सावकाश परत पिळले.

"ताई, लूज कनेक्शन होतं."

काकूंनी माझ्या केसांतून हात फिरवला. "बघ, झालो ना बरो? उगाच तोंड पाडून बसलंस."