रतनने दुरुस्त केलेली शेगडी

सुजाताचा फोन आला तेव्हा मी लातूरच्या दुकानात एका गिऱ्हाइकाला काचेची शेगडी दाखवत होतो. “काका, बाबा गेले सकाळी. चारला नेणार आहेत.” एवढंच बोलली ती. रतनची धाकटी लेक. घड्याळात साडेदहा झाले होते. लगेच निघालो असतो तर नांदेडला वेळेत पोचलो असतो. मी गिऱ्हाईक केलं, शेगडी खोक्यात बांधून दिली, आणि मग खुर्चीत नुसता बसून राहिलो... चार वाजून गेले. घरी सांगितलं, गाडीच मिळाली नाही. रतनच्या बाबतीत मी बोललेलं हे पहिलं खोटं नव्हतं.

आम्ही दोघे भोकरचे. तो बौद्ध वस्तीतला, मी शेतकऱ्याच्या घरातला, पण शाळेत बाक एकच होता. लातूर जिल्हा नवा झाला, कचेऱ्या आल्या, बदलीवर माणसं आली, तेव्हा आम्हीही पोट घेऊन तिकडे गेलो. मी गॅसच्या शेगड्या, लायटर, नळ्या विकायचं लहानसं दुकान टाकलं आणि रतन त्याच दुकानाच्या ओट्यावर पोतं अंथरून जुन्या शेगड्या दुरुस्त करायला बसला. ते दुष्काळाचे दिवस. रानात काटकी राहिली नव्हती, जनावरं विकल्यामुळे शेणाच्या गोवऱ्याही नव्हत्या. ज्याला कनेक्शन मिळेल तो गॅसकडे वळत होता. नवी शेगडी सगळ्यांच्या आवाक्यातली नव्हती. मग कुणी औरंगाबादच्या मेहुण्याकडून, कुणी हैदराबादच्या मामाकडून टाकून दिलेली शेगडी उचलून आणायचं. गंजलेली, दुधाचे थर बसलेली, एक पाय मोडलेली.

रतनला असली शेगडी दिसली की त्याचा चेहरा खुलायचा. “लोखंड मरत न्हाई रे,” म्हणायचा, “बर्नर कचऱ्यानं गुदमरतो अन् माणसं म्हणून राह्यली, शेगडी गेली!” पितळी बर्नर तो रात्रभर चिंचेच्या पाण्यात भिजत ठेवायचा, सकाळी एकेक भोक दाभणानं मोकळं करायचा. बटणाखालचा कॉक उघडून घासायचा, ग्रीस भरायचा, पुन्हा पुन्हा फिरवून बघायचा. गळती तपासायला साबणाचं पाणी लागतं. टँकर आठवड्यातून एकदा यायचा, म्हणून त्यानं ते पाणी एका बाटलीत भरून ठेवलं होतं. पेल्यात ओतायचं, ब्रशनं सांध्यावर लावायचं, उरलेलं परत बाटलीत. गिऱ्हाईक हसायचं. शेवटी ज्योत पेटवून तो खाली वाकायचा आणि ती निळी दिसेपर्यंत हवेची चकती सरकवत राहायचा. जरा पिवळी दिसली तरी शेगडी द्यायचा नाही. माझ्या नव्या शेगड्यांपेक्षा त्याच्या जुन्यांना जास्त गिऱ्हाईक होतं. याचं मला वाईट वाटायचं का? तेव्हा कुणी विचारलं असतं तर नाही म्हटलं असतं.

सुमनवहिनी या नव्या कचेरीतल्या एका कारकुनाच्या बायको. त्यांनी माहेरची शेगडी आणली होती. रतननं चार दिवस खपून ती उभी केली. नळी मात्र माझ्याकडची होती. स्वस्तात एक गठ्ठा घेतला होता आणि उन्हाळाभर तो दुकानाच्या पत्र्याखाली पडून होता. त्यांच्या घरी शेगडी पोचवून नळी जोडायला मीच गेलो. बसवताना नळी वाकवली तेव्हा तिच्यावर केसासारख्या बारीक भेगा दिसल्या. दिसल्या, हे मी आज लिहितो आहे. तेव्हा वाटलं, चालेल. एक नळी टाकायची म्हणजे सगळा गठ्ठाच टाकावा लागेल...

पंधरा दिवसांनी सकाळी वहिनींनी काडी ओढली आणि भडका उडाला. पदर पेटला. शेजारणीनं गोधडी टाकून विझवलं, कुणीतरी सिलिंडर बंद केलं, प्यायला भरून ठेवलेला रांजण ओट्यावर रिता झाला. वहिनींचा उजवा हात कोपरापर्यंत भाजला, मानेखालीही भाजलं. जीव वाचला. मी धावत पोचलो तेव्हा त्यांना दवाखान्यात नेलं होतं. ओट्याखाली नळीचा अर्धवट जळालेला तुकडा लोंबत होता. फाटलेली भेग सरळ दिसत होती. तो तुकडा मी ओढला, खिशात घातला आणि परतताना एका कोरड्या विहिरीत टाकून दिला. दारात जमलेली माणसं बोलत होती, “जुनी होती ना शेगडी, त्या रतनकडची.” मी तिथंच उभा होतो. मी गप्प बसलो.

संध्याकाळी रतन त्या घरी जाऊन शेगडी बघून आला. “कॉक ठीक हाय, जोडही पक्के हायेत,” तो म्हणाला. “नळी कुठाय?”

“जळाली,” मी म्हणालो.

“सगळी?”

“हाव. सगळी.”

तो माझ्याकडे बघत राहिला. नंतर पोत्यावर बसून त्यानं हत्यारं पुसली. पुढच्या महिन्याभरात त्याच्याकडे तीनच शेगड्या आल्या. लोकांनी इतक्या लवकर विश्वास का ठेवला? त्यात त्याच्या वस्तीचाही वाटा होता. “ह्यांच्या हातचं घ्यायलाच नको होतं,” असं एक बाई माझ्या दुकानात उभी राहून म्हणाली. तीही माझ्याकडून नवी शेगडी घेऊन गेली. पावसाळा कोरडाच गेला आणि रतन पोतं गुंडाळून नांदेडला निघाला. एसटीत बसताना म्हणाला, “येतो.” मी हात केला. उरलेल्या नळ्या मात्र मी त्याच रात्री जाळल्या.

नंतरच्या चाळीस वर्षांत आम्ही पाच-सहा वेळा भेटलो असू, ते लग्नाकार्यातच. नांदेडला त्यानं दुरुस्तीच्या कामासाठी खोली घेतली, नाव कमावलं. “ये की एकदा, बस निवांत,” म्हणायचा. मी कधी गेलो नाही. शेवटचं भेटलो ते भोकरला एका लग्नात. मांडवाबाहेर मला बाजूला घेऊन त्यानं विचारलं, “काय बोलायचं होतं का तुला?”

“न्हाई रे,” मी म्हणालो. “कामून?”

“काही न्हाई. असंच.”

अंत्यविधी चुकवला, रतनच्या जलदानविधीला मात्र गेलो. बायकांमध्ये एक पांढऱ्या केसांची बाई बसली होती. ताट घेताना पदर सरकला आणि उजव्या हाताची चुरगळल्यासारखी कातडी दिसली. मी ओळखलं. त्यांनी त्याआधीच ओळखलं होतं. नवऱ्याच्या बदलीनं त्या नांदेडला आल्या होत्या आणि तेव्हापासून त्यांची शेगडी रतनच बघत होता. तीच शेगडी, माहेरची. मी कसाबसा म्हणालो, “वहिनी, तुमच्याशी बोलायचं राहून गेलं...”

“नळीचं ना?” त्या शांतपणे म्हणाल्या. “रतनभाऊंनी दवाखान्यातच सांगितलं होतं मला.”

मी त्यांच्यासमोर खाली बसलो.

“मी तर पोलिसांत जायला निघाले होते. तेच म्हणले, वहिनी, थांबा. दुकान नवं हाय त्याचं, भ्याला हाय. तो येईल तुमच्याकडं, सोताच्या तोंडानं सांगंल. आला की ऐकून घ्या.” त्या जरा थांबल्या. “मी लई दिवस वाट बघितली तुमची. ते तर शेवटपर्यंत बघत होते.”

विधीनंतर चार माणसं रतनबद्दल दोन शब्द बोलली. मलाही उठवलं. मी शाळेचा बाक सांगितला, साबणाच्या पाण्याची बाटली सांगितली. माणसं हसली, सुजाता रडली. जे सांगायला हवं होतं ते पुन्हा गिळून मी खाली बसलो. वहिनींनी मान फिरवली. म्हणून आता हे लिहितो आहे. लातुरात ज्यांनी तेव्हा रतनला नावं ठेवली त्यांच्यातलं कुणी अजून असेल, तर वाचावं. शेगडी चांगली होती. नळी माझ्या दुकानातली होती. मला माहीत होतं.

रतनची खोली आता सुजाता चालवते. गेल्या आठवड्यात आमच्या घरातली शेगडी घेऊन मी तिच्याकडे गेलो. बायकोला ती बदलायची होती. मी म्हटलं, थांब जरा. इथपर्यंतचा हा लेख छापून यायच्या आधी सुजाताला वाचून दाखवायचा होता. दाखवला. मी वाचत असताना ती बर्नरची भोकं मोकळी करत होती. मध्येच तिचे हात थांबले, मग पुन्हा चालू झाले. शेवटी म्हणाली, “वेळ लागेल काका. कॉक पूर्ण घासावा लागेल.”

“लागू दे,” मी म्हणालो.

तिनं पायानं एक स्टूल माझ्याकडे सरकवलं. मी बसलो. ती माझ्याकडे न बघता काम करत राहिली, आणि ऊन उतरेपर्यंत मी रतनच्या खोलीत बसून होतो.